मैदानावरचं ग्रहण

सर गेले तेव्हा शाळेत शोकसभा झाली. मी निवृत्त झालेली, तरी बोलावणं आलं आणि पुढच्या खुर्चीत बसवलं. एकामागून एक लोक उठत होते आणि सर किती विज्ञाननिष्ठ, किती खंबीर ते सांगत होते. गावातल्या एका पुढाऱ्याने तर कमालच केली. "सरांनी अंधश्रद्धेपुढं कधी हार मानली नाही," असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला. मी मनात म्हटलं, अरे बाप्पा, तुझ्याच आईने गावभर बोलून बोलून त्या माणसाला घरात बसवलं होतं, ते विसरलास काय? माणूस मेला की गावाला त्याचे गुण आठवतात. जिवंत असतो तोवर गंमत बघतात.

सरांनी हार मानली होती. थोडीथोडकी नाही, कितीतरी वर्षं मानली होती. ती कशी मानली आणि कशी सुटली, हे मला माहीत आहे, कारण दोन्ही वेळा मी तिथंच होते. सभेत मलाही दोन शब्द बोला म्हणाले, तर मी माइक शेजारच्याकडे सरकवला. म्हणून आता लिहिते.

आमची शाळा मेहकर तालुक्यात, डोणगावपासून फार लांब नाही. सर मूळचे घाटाखालचे, मलकापूरकडचे. "आमच्याकडं रेल्वे आहे, तुम्हा घाटावरच्यांकडं काय आहे?" असं चिडवायचे. मी म्हणायची, हवा आहे. लगेच विचारायचे, "मोजली का?"

मी मराठी शिकवायची, ते विज्ञान. पोरं पाठीमागे त्यांना 'काऊन सर' म्हणत. 'का' म्हणून विचारायचं तर आमच्याकडे काऊन म्हणतात, सगळेच म्हणतात, पण सरांइतकं कुणी म्हणत नसेल. घंटा उशिरा झाली, काऊन? भिंतीला ओल आली, काऊन? शिपायाची म्हैस अचानक आटली तर चार शब्द धीराचे बोलायचे सोडून तिला काय खाऊ घातलं ते विचारत बसले. एकदा स्टाफरूममध्ये चहा आला. यांनी दोन कप मागवले, एकावर बशी झाकली, एक उघडा ठेवला आणि कोणता आधी निवतो ते बोट बुडवून बघत राहिले. दोन्ही कप पार गार झाले, तेव्हा दोन्ही प्याले. मी विचारलं, चहा कसा होता सर? "कोणता चहा?" म्हणाले.

वर्गात त्यांचं दुसरं वाक्य ठरलेलं होतं. पोराने काही प्रयोग केला, उत्तर आलं, धावत दाखवायला आलं, की सर म्हणायचे, "एक डाव झालं म्हंजे झालं असं नाही. पुन्हा करून पाह्य." पुन्हा केलं की पुन्हा. पोट्टे वैतागायचे. एकाच निरीक्षणावरून अनुमान काढू नये, हे त्यांनी फळ्याच्या वर भिंतीवर रंगवून घेतलं होतं. रंगारी म्हणाला, सर, सुविचार लिहू का एखादा? हे म्हणाले, हाच सुविचार आहे.

विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेची दरवर्षी फजिती व्हायची. बाकीच्या शाळा थर्माकोलचे डोंगर आणून त्यातून फेस काढत. सर म्हणायचे, आपल्या तालुक्यात ज्वालामुखी कुठं आहे ते दाखव, मग कर. त्यांनी आठवीच्या पोरांना घेऊन नवा माठ, जुना माठ आणि रंग दिलेला माठ असे तीन माठ मांडले होते. कोणत्यात पाणी जास्त गार होतं ते पाहायचं होतं. नेमकी त्या आठवड्यात पावसाची झड लागली, हवाच ओली, तिन्ही सारखेच निघाले. सरांनी पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं: 'अजून कळलं नाही.' परीक्षक आले, माठांभोवती फिरले आणि म्हणाले, मॉडेल कुठं आहे? तिथला पोरगा म्हणाला, "साहेब, मॉडेल नाही, पंचाईत आहे." आम्हाला नंबर मिळाला नाही हे सांगायलाच नको. सर मात्र त्या पोरावर जाम खूश होते. परतीच्या वाटेवर त्याला भजी खाऊ घातली.

असा माणूस. आता ग्रहणाचं सांगते.

एका वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं, भर दुपारचं. सर कधीपासून नुसते पेटले होते. पोरांकडून पुठ्ठ्यांना बारीक छिद्रं पाडून घेतली. मैदानाच्या कडेला मोठा कडुलिंब होता, त्याच्या बुडाशी शेणाने सारवून घेतलं. पानांच्या फटीतून पडणारे उन्हाचे कवडसे ग्रहणात गोल राहत नाहीत, चंद्रकोरी होतात, ते पोरांना जमिनीवर दिसावं म्हणून. मुख्याध्यापक सुट्टी देणार होते. सर म्हणाले, सुट्टी द्या, पण मैदान मला द्या.

पण पोरं पाठवणार कोण? ग्रहणात घराबाहेर पडायचं नाही, शिजलेलं खायचं नाही, पाण्यात तुळशीचं पान टाकायचं. पोटुशी बाईने तर जागचं हलायचं नाही. तिने विळी-चाकू हातात धरला, काही चिरलं, तर पोटातल्या लेकराचा ओठ चिरतो ही पक्की समजूत. आमच्या घरी ग्रहण पाळत नसत, आम्ही बुद्धविहारात जाणारी माणसं. तरी मला दिवस गेले होते तेव्हा माझ्या आईने ग्रहणाच्या दिवशी विळी धान्याच्या कोठीमागे लपवली होती. कशाला म्हटलं, तर म्हणे, असू दे, तुझं काय जातं?

सर घरोघर गेले. सोबत एक बाई असावी म्हणून मला नेलं. त्या पुढाऱ्याच्या ओट्यावर त्याची आई बसली होती, गहू निवडत. सरांनी सूर्य, चंद्र, सावली सगळं समजावून सांगितलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लोकायच्या लेकरायले बाहेर काढता मास्तर. तुमची बायको पोटुशी हाय ना? तिले आणता का मैदानात?"

"आणतो," सर म्हणाले. "तुमच्यासमोर तिच्या हातानं गाजर चिरवतो."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. रस्त्याला लागल्यावर विचारलं, सर, वहिनींना विचारलं का? "ती समजदार हाय," म्हणाले आणि पुढच्या घराची कडी वाजवली.

त्या एका वाक्याने गाव हललं हे मात्र खरं. मास्तर स्वतःची बायको आणतो म्हटल्यावर अर्धी शाळा मैदानात आली. बायका भिंतीपलीकडे पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. वहिनी आल्या त्या संक्रांतीची काळी साडी नेसून. सहावा महिना होता. कडुलिंबाखाली खुर्ची, समोर ताटात गाजरं, चाकू. मी शेजारी बसले. दुपारचं ऊन हळूहळू फिकं पडायला लागलं, पाखरं गप्प झाली, आणि सारवलेल्या जमिनीवर खरोखरच शेकडो चंद्रकोरी पडल्या. पोरं नाचायला लागली. काय सांगू, मी आयुष्यात तसं काही पाहिलं नव्हतं. विज्ञान माझं सातवीतच सुटलं होतं, पण त्या दिवशी वाटलं, आपण उगाच सोडलं.

सर धावत आले. "चिर आता."

वहिनींनी चाकू उचलला. त्यांचा हात कापत होता. मी हळूच म्हटलं, वहिनी, मनाला वाटत नसेल तर राहू द्या, मी चिरते. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नाही ताई. लोकायसमोर त्यायचं तोंड पडन." त्यांनी गाजर चिरलं, एक फोड तोंडात टाकली. ती फोड त्यांच्या गालातच राहिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, सरांनीही वाजवल्या.

चैत्रात वहिनी बाळंत झाल्या. मुलगी झाली. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला, आत टाळूही जुळलेली नव्हती.

आता यावर काय लिहायचं? दूध ओढता येईना. वहिनी वाटीत दूध काढून चमच्याने पाजायच्या, अर्धं नाकातून बाहेर यायचं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. बारशाला बायका आल्या, पाळण्यात वाकून पाहिलं, मग एकमेकींकडे पाहिलं आणि ओटी घेऊन गेल्या. पण पाण्याच्या टाकीवर ती म्हातारी उघड बोलली, "मी सांगतलं होतं. मास्तरनं सोताच्या लेकराचं तोंड चिरलं." हे मग घरोघर झालं. शाळा उघडल्यावर आठवीतल्या एका पोराने भर वर्गात विचारलं. वाईट मनाने नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "सर, गाजरानं झालं का?" सर म्हणाले, तास संपला. तास अजून अर्धाही झाला नव्हता.

अकोल्याला मोठ्या दवाखान्यात दाखवून आले, त्यानंतर एकदा स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. ते आपणहून बोलले.

"मॅडम, लेकराचा ओठ पोटात तिसऱ्या महिन्याच्या आत जुळतो. टाळूबी तवाच. डॉक्टरनं आम्हा दोघायलेबी नीट समजावून सांगतलं. ग्रहण होतं तवा सहावा महिना होता."

मी ताडकन म्हटलं, "मग सांगा ना गावाला! सभा घ्या. बोलती बंद करा त्या म्हातारीची."

"काय सांगू? लेकीचा ओठ फळ्यावर काढू? एकदा बायकोले मैदानात बसवलं, आता लेकीले बसवू?"

मी हातातली वही मिटली. मग ते म्हणाले, "ओठाचा दोष माझा नाही हे मले समजते. पण तिचा हात कापत होता मॅडम. मी पाह्यलं होतं. पाहून म्हटलं, चिर."

"वहिनी काही बोलल्या?"

"एक शब्द नाही. भांडली असती तं बरं झालं असतं."

तिथून सर उतरले ते उतरलेच. शिकवायचे, नाही असं नाही. पुस्तकातला सगळा पोर्शन वेळेत व्हायचा. पण काऊन गेलं. प्रदर्शनात आमच्या शाळेचाही फेस काढणारा डोंगर जाऊ लागला, एकदा त्याला दुसरा नंबरही मिळाला. मुख्याध्यापक म्हणाले, सर आता ताळ्यावर आले. मला असा राग आला होता त्या माणसाचा! चांगलं माणूस विझत होतं आणि लोकांना वाटत होतं, सुधारलं.

मध्ये आणखी एक ग्रहण आलं, हिवाळ्यातलं, सकाळचं. सरांनी त्या दिवशी रजा टाकली. घराचं दार आतून लावलेलं. म्हातारी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती, "पाहा, आता पाळून राह्यला ना मास्तर?" ती रजा गावाला पुराव्यासारखी मिळाली. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले, चांगलंच सुनावायचं म्हणून गेले होते. सर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी वहिनींच्या हातचा चहा घेतला आणि परत आले.

गौरी, म्हणजे त्यांची मुलगी, वाढत होती. दोन ऑपरेशनं झाली. ओठ शिवला, पण खूण राहिली, आणि आवाज नाकातून येई. प, ब, म म्हणताना तिला फार कष्ट पडत. आमच्या शाळेत पाचवीत आली. सातवीत माझ्याकडे मराठीला होती. निबंध असा लिहायची की मी वहीवरून मान वर करत नसे, पण वाचून दाखव म्हटलं की खाली मान. मीही मग आग्रह सोडला.

तिच्या सातवीतल्या दिवाळीत पुन्हा सूर्यग्रहण होतं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, मावळतीच्या वेळचं, सूर्य ग्रहणातच बुडणार होता. सुट्टी लागायच्या दिवशी माझ्याच तासाला पोरं त्यावरच बोलत होती. एक मुलगी गौरीला म्हणाली, "तू तं निघूच नको बाहेर. तुले एक डाव लागलं हाय." सगळा वर्ग ऐकत होता. मी तिला रागावले. गौरी रडली नाही. दप्तर भरून गेली.

ग्रहणाच्या दिवशी दुपारी ती माझ्या दारात. हातात आरसा, घरचाच, भिंतीवरचा काढून आणलेला. त्यावर कागद चिकटवलेला आणि कागदाला मध्ये बोटभर छिद्र. म्हणाली, "मॅडम, शाळेची किल्ली शिपाईकाकाकडून मागून देता का? मले मागायले लाज वाटते." बाबांना सांगितलं का, मी विचारलं. तिने मान हलवली, नाही. मी चपला घातल्या.

बातमी कशी पसरते देव जाणे. आम्ही शाळेत पोचेस्तोवर दहा-बारा पोरं गोळा झाली होती. गौरीने मैदानाच्या कडेच्या भिंतीवर आरसा टेकवला, ऊन धरलं आणि उघड्या दारातून सातवीच्या अंधाऱ्या वर्गात फेकलं. समोरच्या भिंतीवर ताटाएवढा सूर्य उमटला. थोड्या वेळाने त्याचा एक कोपरा कुणीतरी कुरतडल्यासारखा गेला. पोरं आत-बाहेर पळायला लागली. रस्त्याने जाणाऱ्या बायकाही फाटकाशी थबकल्या, त्यात ती म्हातारी होतीच, आता काठी टेकत चालणारी.

तेवढ्यात सर आले. पोरगी घरात नाही म्हणून शोधत आले असणार, शर्टाची बटणंही वरखाली लागलेली. मागून वहिनी. फाटकातच म्हातारी त्यांच्या आडवी आली, पण बोलली ती आत, गौरीकडे बघून.

"पोरी, घरी जाय. तुह्या बापानं एक डाव केलं ते पुरं नाही झालं काय तुले?"

सर जागच्या जागी उभे राहिले. मला वाटलं, आता हे पोरीचा हात धरून नेतील. मी ठरवलं होतं, की काहीही होवो, आज यांना नेऊ द्यायचं नाही.

गौरीने आरशावरचा हात काढला नाही. सगळ्यांसमोर, त्या नाकातल्या आवाजात, एकेक शब्द सावकाश लावत म्हणाली, "आजी, पोटातल्या बाळाचा ओठ तिसऱ्या महिन्याच्या आत जुळतो. माझा जुळला नाही. ग्रहण झालं तवा मी पोटात सहा महिन्यायची होती. माझा ओठ तं आधीच फाटला होता. ग्रहणाले यायले उशीर झाला."

एक पोरगं फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. म्हातारीने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि तिथंच उभी राहिली.

सर पुढे आले. त्यांचा आवाज ओळखू येईना. "हे तुले कोणं सांगतलं?"

"आईनं."

"कधी?"

"मी लहान होती तवापासून. मले प, ब, म म्हणता येत नव्हतं ना, तं आई रोज हेच म्हणून घ्यायची. पोटातल्या बाळाचा ओठ. शंभर डाव."

सरांनी वळून वहिनींकडे पाहिलं. इतकी वर्षं एका घरात राहून माणूस असं बघतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी ती पुसतही नव्हते.

"तुले पटलं होतं?" ते म्हणाले.

"डॉक्टरनं तुमच्यासमोरच सांगतलं. मले नाही समजत काय?"

"मंग मले बोलली नाही कधी."

"तुम्ही कुठं विचारलं?" वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तवाबी नाही विचारलं, मंगबी नाही विचारलं. मी गाजराच्या रागात होती, तुम्ही ओठाच्या दुःखात बसले."

ऊन पिवळं पडत चाललं होतं, वर्गातून पोरं ओरडत होती की सूर्य अर्धा झाला, लवकर या. गौरी म्हणाली, "बाबा, आरसा धरा ना. ऊन सरकून राह्यलं, मले एकटीले जमत नाही." त्यांनी आरसा धरला. एक हात आरशावर ठेवून ते वहिनींकडे वळले.

"तू पाहतं काय?" म्हणाले. मग घाईघाईने, "ये म्हणत नाही. विचारून राह्यलो फक्त."

वहिनींनी पदर खोचला. "सरका तिकडं, आरशासमोर उभे राहून उजेड अडवू नका," म्हणाल्या, आणि त्यांच्या पुढून वर्गात गेल्या.